लिनक्सवर फिंगरप्रिंट सेन्सर चालू करताना

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की हल्ली बहुतेक गोष्टी आपोआप चालू होतात. वायफाय जोडलं जातं, टचपॅड चालतो, आवाज येतो, पडद्याचा उजेड कमी-जास्त करता येतो. फिंगरप्रिंट सेन्सरचा मात्र भरवसा नसतो. एखाद्या लॅपटॉपवर तो पहिल्या दिवसापासून सेटिंग्जमध्ये दिसतो, एखाद्यावर कधीच दिसत नाही, आणि बरेच लॅपटॉप या दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकलेले असतात. माझा त्या मधल्यांतला. मला तो चालू हवा होता, कारण माझा पासवर्ड चांगला लांबलचक आहे, दिवसभर सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, लागतं, आणि जागेवरून उठताना पडदा लॉक केल्याशिवाय मी उठत नाही.

या कामात सल्ल्यांची कमतरता नाही. अमुक फाइलमध्ये तमुक ओळ टाका आणि रीस्टार्ट करा, असे सल्ले पैशाला पासरी मिळतात. पण ती ओळ नेमक्या कोणत्या थराशी बोलते हे कळल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. इथे सगळा खेळ थरांचा आहे. सगळ्यांत खाली चिप, जी बहुतेक वेळा आतल्या आत यूएसबीला जोडलेली असते. तिच्यावर लिबएफप्रिंट ही लायब्ररी, जिच्यात वेगवेगळ्या चिपचे ड्रायव्हर आहेत. त्यावर एफप्रिंटडी ही सेवा, जी कोणत्या वापरकर्त्याचं कोणतं बोट नोंदलंय याचा हिशेब ठेवते. त्यावर पॅम, म्हणजे लॉगिन आणि सुडोच्या वेळी 'हा माणूस तोच का' हे ठरवणारी व्यवस्था. आणि सगळ्यांत वर ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपचा लॉक स्क्रीन. मी ठरवलं की खालून वर जायचं, आणि खालचा थर नीट चालल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. पुढे जे काही जमलं ते या एका शिस्तीमुळे जमलं, असं माझं ठाम मत आहे.

पहिला प्रश्न साधा: सेन्सर कोणता? टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवलं की जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. 'फिंगरप्रिंट' हा शब्द तिथे असेलच असं नाही. नुसतं कंपनीचं नाव असतं, किंवा तेही नसतं. महत्त्वाचा असतो तो आयडी, चार आणि चार अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची: ०६सीबी म्हणजे सिनॅप्टिक्स, २७सी६ म्हणजे गुडिक्स, ०४एफ३ म्हणजे इलॅन, १३८ए म्हणजे व्हॅलिडिटी, जी २०१३ मध्ये सिनॅप्टिक्सने विकत घेतली. पुढची चार अक्षरं मॉडेलची, आणि सगळं नशीब त्या चार अक्षरांत असतं. एकाच कंपनीची, बाहेरून हुबेहूब दिसणारी दोन मॉडेलं असतात. एकाला ड्रायव्हर असतो, दुसऱ्याला नसतो. म्हणून लॅपटॉपच्या नावावरून शोधत बसू नये, आयडीवरून शोधावं. काही लॅपटॉपमध्ये सेन्सर यूएसबीऐवजी एसपीआय या वेगळ्या जोडणीवर असतो. तो या यादीत दिसणारच नाही, पण म्हणून तो नाही असं होत नाही.

लिबएफप्रिंटच्या प्रकल्पाने आधार असलेल्या उपकरणांची यादी दिलेली आहे, आणि आधार नसलेल्यांचीही वेगळी नोंद ठेवलेली आहे. माझा आयडी पहिल्या यादीत निघाला. तो दुसऱ्या यादीत असता तर मार्ग फार वेगळा झाला असता, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. २०१७-१८च्या सुमाराच्या अनेक थिंकपॅडमध्ये १३८ए:००९७ किंवा ०६सीबी:००९ए हे सेन्सर आहेत. ते संगणकाशी टीएलएससारख्या कूटबद्ध वाहिनीतून बोलतात, त्यामुळे यूएसबीवरची ये-जा नुसती पाहून काहीच उमगत नाही. तरीही लोकांनी ती भाषा उलगडली, आणि त्यातून पायथन-व्हॅलिडिटी हा ड्रायव्हर उभा राहिला. नेहमीच्या एफप्रिंटडीच्या जागी ओपन-एफप्रिंटडी बसवून तो चालतो. कागदपत्रं नाहीत, कंपनीची मदत नाही, आणि तरी काम पूर्ण: हे ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. उबुंटू या लिनक्स वितरणाकडे आणखी एक वाट आहे, टॉड नावाची. तिथे लिबएफप्रिंटला कंपनीने दिलेला बंदिस्त ड्रायव्हर जोडता येतो. माझ्या मते ती शेवटची वाट; पण चालणारा सेन्सर हवा असेल आणि दुसरं काही नसेल, तर तिला नाकं मुरडू नयेत.

यादीत नाव असूनही माझा सेन्सर चालत नव्हता. एफप्रिंटडी आणि त्याचं पॅम मॉड्यूल बसवलं, नोंदणीची कमांड दिली, तर उपकरणच सापडत नाही असं उत्तर. इथे जर्नलसीटीएलने एफप्रिंटडीचा लॉग उघडला, आणि त्यात कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: ड्रायव्हरला चिप ओळखू आली होती, पण चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याला पुरेल इतकं नवं नव्हतं. फर्मवेअर अपडेट करायला लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी आहे. ते एलव्हीएफएस या भांडारातून फाइल आणतं, जिथे कंपन्या स्वतः आपापली फर्मवेअर ठेवतात. उपकरणांची यादी मागवली तर फिंगरप्रिंट सेन्सर तिथे आपल्या आवृत्तीसकट हजर होता, आणि नवी आवृत्तीही उपलब्ध होती. चार्जर लावून अपडेट केलं, लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला, आणि लॉगमधली ती तक्रार गेली. अपडेटनंतर पूर्ण बंद करणं महत्त्वाचं; नुसत्या रीस्टार्टमध्ये काही लॅपटॉप सेन्सरचा वीजपुरवठा तोडत नाहीत.

आता नोंदणी. कमांड एफप्रिंटडी-एनरोल. बोटाचं नाव दिलं नाही तर ती उजवी तर्जनी धरते. ती स्वतःच्या नावाने चालवावी. पुढे सुडो लावलं आणि वापरकर्त्याचं नाव दिलं नाही, तर बोट रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, खात्यावर नोंदलं जातं, आणि मग लॉक स्क्रीन ते ओळखत नाही म्हणून माणूस गोंधळतो. कमांड सुरू झाली की पहिल्याच ओळीत उपकरणाचा पत्ता येतो: नेट, रिअ‍ॅक्टिव्हेटेड, एफप्रिंट, डिव्हाइस, शून्य. मधला तो 'रिअ‍ॅक्टिव्हेटेड' म्हणजे डॅनिएल ड्रेक यांच्या संकेतस्थळाचं नाव. २००७ च्या सुमारास मँचेस्टर विद्यापीठात शिकताना त्यांनी हा प्रकल्प सुरू केला होता. पुढे लायब्ररीचा बराच भाग नव्याने लिहिला गेला, सांभाळणारे हात बदलले, पण पत्ता तोच राहिला. तो पडद्यावर दिसला की मला बरं वाटतं.

त्यानंतर बोट टेकवत जायचं. दर वेळी 'एनरोल-स्टेज-पास्ड' अशी ओळ उमटते. किती वेळा टेकवायचं ते सेन्सरवर अवलंबून. माझ्या सेन्सरवर ओळी नीट उमटत गेल्या, आणि अगदी शेवटी 'एनरोल-कम्प्लीटेड' येईल असं वाटत असताना आलं 'एनरोल-डुप्लिकेट'. म्हणजे हा ठसा आधीच नोंदलेला आहे. एफप्रिंटडी-लिस्ट चालवून पाहिलं, तर माझ्या नावावर एकही बोट नाही. एफप्रिंटडी-डिलीट चालवलं, तर पुसायला काहीच नाही. पुन्हा नोंदणी केली, पुन्हा डुप्लिकेट.

हे कोडं सुटायला सेन्सरचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात, आणि या सगळ्या प्रवासातला मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला भाग हाच. पहिल्या प्रकारचा सेन्सर फक्त चित्र काढतो. ठशाचं चित्र संगणकाकडे येतं, आणि त्यातल्या रेषा कुठे संपतात, कुठे फाटे फुटतात ते बिंदू शोधून जुळवणीचं काम लिबएफप्रिंट करते. त्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने तयार केलेला एनबीआयएस हा संच तिच्यात वापरलेला आहे. तो पूर्ण बोटाच्या मोठ्या चित्रांसाठी बनवलेला. लॅपटॉपवरच्या चिमुकल्या सेन्सरच्या चित्रात जुळवण्याइतके बिंदूच येत नाहीत. काही छोट्या सेन्सरचा ड्रायव्हर लिहून झाला तरी ओळख कच्ची राहते, ती यामुळे. दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमध्ये जुळवणी चिपच्या आतच होते. ठसा चिपमध्येच साठतो, बाहेर येत नाही. संगणकाला फक्त 'जुळला' किंवा 'नाही जुळला' एवढंच कळतं.

माझा सेन्सर दुसऱ्या प्रकारचा. या लॅपटॉपवर आधी विंडोज होतं, आणि तिथे हीच तर्जनी नोंदलेली होती. विंडोज डिस्कवरून गेलं, पण ठसा डिस्कवर कधी नव्हताच. तो चिपमध्ये होता आणि तिथेच राहिला. एफप्रिंटडी-लिस्ट दाखवते ती एफप्रिंटडीची स्वतःची वही: व्हार-लिबखालच्या एफप्रिंट या फोल्डरमध्ये, प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली, ड्रायव्हर आणि उपकरणानुसार ठेवलेल्या फाइली. उजव्या तर्जनीच्या फाइलचं नाव नुसतं '७' असतं, कारण डाव्या अंगठ्यापासून मोजलं तर ते सातवं बोट. चिपमध्ये जुळवणी करणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत या फाइलमध्ये ठसा नसतो, चिपमधल्या नोंदीची खूण तेवढी असते. वही कोरी होती आणि चिप भरलेली होती. दोन्ही कमांड आपापल्या जागी खरं बोलत होत्या.

चिप रिकामी करायचे दोन मार्ग. लिबएफप्रिंटमध्ये चिपची साठवण पुसण्याची सोय आहे आणि छोट्याशा पायथन स्क्रिप्टमधून ती वापरता येते, मात्र त्या चिपच्या ड्रायव्हरने ती पुरवलेली असली पाहिजे. दुसरा मार्ग लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये: काही लॅपटॉपमध्ये सुरक्षेच्या पानावर फिंगरप्रिंटची माहिती पुसण्याचा पर्याय असतो. माझ्यात तो होता, मी तो वापरला. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांनी इथे सावध राहावं, चिप पुसली की विंडोजमधली बोटंही गेली. यानंतर नोंदणी पहिल्या खेपेला पूर्ण झाली. जुना लॅपटॉप विकताना किंवा कुणाला देतानाही हे लक्षात असू द्यावं. डिस्क कितीही काळजीपूर्वक पुसली तरी चिपमधले ठसे तसेच राहतात.

नोंदणी करताना बोट कसं ठेवता यावर पुढचे सगळे दिवस ठरतात. बहुतेक जण बोट सरळ, मधोमध, जपून टेकवतात. प्रत्यक्षात मात्र आपण कीबोर्डवरून हात तिरका नेऊन बोट जेमतेम टेकवतो. म्हणून नोंदणीतही थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून, टोकाने, आणि घाईत टेकवतो तसं तिरकं, असे सगळे नमुने द्यावेत. मी दोन्ही हातांच्या तर्जन्या नोंदवल्या. हात बराच वेळ पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या पडल्या की ओळख पटत नाही; तेव्हा मुकाट पासवर्ड टाइप करावा.

मग एफप्रिंटडी-व्हेरिफाय. बोट टेकवलं की 'व्हेरिफाय-मॅच' यायला हवं. मी नोंदवलेली बोटं तपासली, आणि न नोंदवलेलं बोट टेकवून 'व्हेरिफाय-नो-मॅच' येतं की नाही तेही पाहिलं. या दुसऱ्या तपासणीचा सल्ला फारसा कुणी देत नाही, पण ती पहिलीइतकीच गरजेची आहे.

इथवर आलं की पॅम. हा थर नाजूक, कारण इथे गडबड झाली तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. एका टर्मिनलमध्ये रूटचं शेल उघडून ठेवायचं, आणि सगळं तपासून होईपर्यंत ते बंद करायचं नाही. डेबियन आणि उबुंटूत पॅम-ऑथ-अपडेट चालवून फिंगरप्रिंटच्या खोक्यात खूण केली की झालं. फेडोरात ऑथसिलेक्टला 'विथ-फिंगरप्रिंट' हे वैशिष्ट्य चालू करायला सांगायचं. आर्चवर फाइली हाताने लिहायच्या. मला आधी फक्त सुडोवर आजमावून पाहायचं होतं, म्हणून मीही हाताने लिहिलं: ईटीसीमधल्या पॅम-डी फोल्डरातल्या सुडोच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर एक ओळ, 'ऑथ', 'सफिशियंट', आणि मॉड्यूलचं नाव पॅम-एफप्रिंटडी. 'सफिशियंट' याचा अर्थ ठसा जुळला तर पुढचं काही विचारू नकोस, नाही जुळला तर खालच्या ओळीकडे, म्हणजे पासवर्डकडे जा. तिथे 'रिक्वायर्ड' लिहिलं तर बोट आणि पासवर्ड दोन्ही लागतात, आणि सेन्सर बिघडला तर सुडोच बंद पडतं.

पॅम हे काम एकामागून एक करतं, आणि त्याचा रोजच्या वापरावर परिणाम होतो. सुडोने बोट मागितलं की ते टेकवेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत पासवर्डची पाळी येत नाही. या मॉड्यूलची मूळची मुदत ३० सेकंदांची, आणि प्रयत्न तीन. मी ओळीच्या शेवटी मुदत १० सेकंदांवर आणली, त्याखाली ती नेता येत नाही. ग्नोमच्या लॉक स्क्रीनवर ही अडचण येत नाही, कारण तिथे पासवर्ड आणि बोट यांची वेगवेगळी विचारणा एकाच वेळी चालू असते. एसएसएचने दुरून आलेल्या सत्रात मॉड्यूल आपणहून बाजूला होतं, तेही योग्यच.

मोठा पडदा जोडून लॅपटॉपचं झाकण बंद ठेवलं की मात्र पंचाईत. सेन्सर झाकणाखाली, आणि सुडो बोटाची वाट पाहत थांबलेलं. यावर मी केलेला उपाय मला फार आवडतो. झाकण उघडं आहे का ते कर्नलच्या प्रॉक-एसीपीआय फोल्डरातल्या झाकणाच्या 'स्टेट' फाइलवरून कळतं. ती वाचणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली, आणि पॅमच्या फाइलमध्ये एफप्रिंटडीच्या ओळीवर पॅम-एक्झेकची ओळ टाकून ती स्क्रिप्ट तिथे दिली. झाकण उघडं असेल तर ही ओळ काहीच बोलत नाही. बंद असेल तर पॅम पुढची एक ओळ ओलांडून थेट पासवर्डवर जातं. त्यासाठी चौकोनी कंसात 'सक्सेस' बरोबर 'इग्नोर' आणि 'डिफॉल्ट' बरोबर '१' लिहायचं. ही स्क्रिप्ट रूटच्या मालकीची असावी, दुसऱ्या कुणाला तिच्यात लिहिता येता कामा नये.

पडदा उघडायला बोट सुरू केल्यावर एक गोष्ट ठरवून बदलली. यंत्र चालू केल्यावरचं पहिलं लॉगिन मी पासवर्डनेच करते. ग्नोमची की-रिंग, जिच्यात वायफायचे आणि इतर पासवर्ड असतात, ती लॉगिनच्या पासवर्डनेच उलगडते. बोटाने लॉगिन केलं तर उलगडायला पासवर्डच हाती नसतो, आणि लगेच की-रिंगचा पासवर्ड मागणारी खिडकी येते. तो त्रास टाळायला की-रिंगचा पासवर्ड कोरा ठेवा, असं काही जण सुचवतात. मी तसं मुळीच करणार नाही; मग सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. डिस्कच्या कूटबद्धतेचंही असंच. डिस्क कूटबद्ध करणाऱ्या एलयूकेएसला किल्ली लागते, आणि 'जुळला' या उत्तरातून किल्ली तयार होत नाही. चिपच्या 'जुळला' या शब्दावर कितपत विसंबायचं हाही प्रश्न आहेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी तीन वेगवेगळ्या लॅपटॉपवर विंडोज हॅलोची फिंगरप्रिंट तपासणी चुकवून दाखवली, आणि तिन्ही सेन्सर चिपमध्येच जुळवणी करणारे होते. यंत्र बंद असताना कुणाच्या हाती पडलं तर त्याचं रक्षण पासवर्डने व्हावं, आणि बोटाने फक्त मी समोर बसलेली असतानाचं टायपिंग वाचवावं, ही वाटणी मला पटते.

शेवटची अडचण झोपेची. लॅपटॉप सस्पेंडमधून उठल्यावर कधीकधी सेन्सर गायब व्हायचा. एफप्रिंटडी ही सेवा मागणी आली की उठते आणि काम नसलं की आपोआप बंद होते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. लॉगमध्ये यूएसबीचं उपकरण तुटल्याच्या ओळी होत्या, म्हणजे अडचण पार खालच्या थरात होती. वीज वाचवणारं जे साधन मी बसवलं होतं, ते सेन्सरलाही झोपवत होतं आणि तो वेळेवर जागा होत नव्हता. त्या साधनाच्या सेटिंग्जमध्ये वगळायच्या उपकरणांची यादी असते. तिच्यात सेन्सरचा आयडी लिहिला, ते साधन रीस्टार्ट केलं, आणि त्यानंतर झाकण उघडून बोट टेकवलं की पडदा उघडतो.